घरटी एक बदाम

हरिचंद राठोडाला गेम खेळता येत नव्हता. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण तांड्यातल्या टवाळ पोरांनी उठवलं होतं की जीपवाला हरिचंद पन्नाशीत गेमच्या नादी लागला. नादी तो लागला होता, खोटं कशाला बोला. पण खेळाच्या नव्हे. सेनगावहून शेवटची फेरी मारून आला की जीप ओढ्याच्या अलीकडं उभी करायची, पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि थोरल्या पोरीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम सुरू करायचा. लॅपटॉप म्हातारा झालेला. गेम उघडायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात बायकोच्या, म्हणजे मिराबाईच्या, दोन भाकरी भाजून व्हायच्या. हरिचंदला हवा असायचा तो तेवढाच वेळ. गेम उघडला रे उघडला की तो बंद करायचा आणि परत सुरू करायचा.

शहर वसवायचा गेम होता तो. रस्ते काढायचे, पाइपलाइन टाकायची, वीज द्यायची, मग आपोआप घरं उठतात आणि त्यात माणसं राहायला येतात. कुठल्याशा थंड देशातल्या एका हौशी माणसानं त्या गेमला एक जादाची जोडणी करून दिली होती, मॉड म्हणतात तसली. गेम उघडेपर्यंत नुसता काळा पडदा काय बघायचा, म्हणून ही जोडणी त्या वेळात जगभरातल्या कुणाही खेळणाऱ्याच्या शहराचा फोटो पडदाभर दाखवायची. खाली शहराचं नाव, खेळणाऱ्याचं नाव, फोटो किती दिवसांपूर्वी टाकला तो आकडा, आणि कोपऱ्यात एक छोटा बदाम. पत्त्यात असतो तसा लाल बदाम. फोटो आवडला तर तो दाबायचा. बस. तिथं पत्ता नाही, फोन नंबर नाही, दोन शब्द बोलायची सोय नाही.

हरिचंद वाट बघायचा ती एका शहराची. लिंबाचा तांडा नावाचं शहर, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, आणि खाली नाव पुजा राठोड.

पुजा म्हणजे त्याची थोरली. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, डोक्यानं तल्लख आणि तोंडानं फटकळ. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की अख्खा तांडा अलीकडं अडकून पडतो, हे तिला लहानपणापासून सलायचं. कागदावर पूल काढून बापाला दाखवायची. "बा, इथं न्हाई, त्या वळणावर पाहिजे पूल. इथं पाया धरत न्हाई." हरिचंद हसायचा. कौतुकानंच हसायचा, पण ते तिला कुठं सांगितलं त्यानं. मग तीन वर्षांमागं वाशीमकडचं एक स्थळ आलं. घरचं बरं, पोरगा बरा. पोरगी म्हणाली, मला पुण्याला नोकरी लागून राहिली, मी आत्ता लग्न करत न्हाई. हरिचंदनं तिचा फोन काढून पत्र्याच्या पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं आणि वर एक थोबाडीत दिली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पुजा घरात नव्हती.

त्या दिवशी तांड्यानं जे केलं ते तांडा नेहमीच करतो. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची म्हैस विहिरीत पडली, कुणाच्या घरी मयत झाली, की तांड्याचा मुखिया, नाईक, ओट्यावर उभा राहून सांगतो, घरटी एक. प्रत्येक घरातून एक माणूस निघतो. का, कशाला, कुणी विचारत नाही. वाडवडील बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख तुडवायचे तेव्हापासूनची ही रीत, आणि तिच्यावाचून तांडा कधीच उधळून गेला असता. तर पुजा गेली त्या दिवशीही बाबूसिंग नाईकानं सांगितलं, घरटी एक. काठ्या घेऊन माणसं निघाली. कुणी हिंगोलीच्या स्टेशनवर, कुणी सेनगावच्या स्टँडवर. हरिचंदची जीप कनेरगाव नाक्यावर. तिथं त्यांनी वाशीमकडं निघालेली एसटी आडवी जीप घालून थांबवली आणि सगळे आत चढले. एकेक सीट बघितली. बायामाणसांच्या तोंडावरचे पदर बाजूला करून बघितले. हरिचंद पार मागच्या सीटपाशी जाऊन उभा राहिला. तिथं दोन म्हाताऱ्या गाठोडी पायाशी घेऊन बसल्या होत्या. सगळा तांडा आपल्याकडं बघून राहिला हे त्याला कळत होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "सापडू द्या, तंगडंच तोडतो तिचं." मनात तसं काही नव्हतं. बोलायचं म्हणून बोलला.

पुजा सापडली नाही. वर्ष गेलं. हरिचंद घरात तिचं नाव काढू देत नव्हता आणि मिराबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

मग एक दिवस धाकटी शितल धावत स्वयंपाकघरात आली. बहिणीचा लॅपटॉप तिच्याकडं आला होता, तिनं आपलं वेगळं खातं उघडून तो गेम खेळायला घेतला होता. आईला म्हणाली, "याडी, ताई हाय. ताईचं गाव हाय." मिराबाई पिठाच्या हातानंच उठली. हरिचंद मागून गेला, मुद्दाम सावकाश गेला. पडद्यावर एक गाव होतं. वीस-पंचवीस घरं, मधी एक मोठं झाड, आणि अलीकडून वाहणारा ओढा. ओढ्यावर पूल होता. त्या वळणावर होता. खाली लिहिलं होतं, चार दिवसांपूर्वी.

चार दिवसांपूर्वी. म्हणजे चार दिवसांमागं ती कुठंतरी बसून होती, जेवत होती, श्वास घेत होती. हरिचंद बाहेर गेला, जीपमध्ये जाऊन बसला, आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. तिकडून जाणाऱ्या जळबानं विचारलं तर म्हणाला, डोळ्यात कचरा गेला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. लाखो फोटोंमधून तिचा फोटो यायचा म्हणजे नशिबाचीच गोष्ट. कधी आठवडा जायचा, कधी महिना. तोवर कुठली कुठली शहरं बघावी लागायची, बर्फातली, समुद्रातली, आभाळाला टेकलेल्या इमारतींची. हरिचंदला त्यातलं काही पटायचं नाही. "एवढ्या उंच घरात भाकरी कोण घेऊन जात असंल," असं काहीतरी पुटपुटायचा आणि गेम बंद करून परत लावायचा. तिचा फोटो आला की तो बोट धोतराला पुसायचा आणि बदाम दाबायचा. शितलनं त्याला नीट सांगितलं होतं. "बा, तिला एवढंच समजतं की कुणीतरी बदाम दिला. कुणी दिला ते न्हाई समजत."

"समजंल तिला," हरिचंद म्हणायचा.

लेकीला तीन वर्षांत तो एवढंच बोलला होता. तेही तिला ऐकू जात होतं की नाही, देवाला माहीत.

यंदा होळीच्या आधी तिचा नवा फोटो आला आणि तिथून सगळं बिघडलं. गाव तेच, पूल तोच. पण पुलाच्या पलीकडं, गावापासून तुटून, एक नवं घर उभं होतं. एकटंच. संध्याकाळची वेळ दाखवली होती आणि त्या घरात दिवा होता. हरिचंदनं गेम उघडायच्या आत शितलला हाक मारून पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून घेतला आणि दोन दिवस जीपमध्ये सवारी बसवता बसवता तो बघत राहिला.

"ती घर ह्याच बाजूला तोंड करून बांधून राहिली," तो मिराबाईला म्हणाला. "पोरीला परतायचं हाय. वाट न्हाई म्हणून बसली पलीकडं."

"चित्र हाय ते," मिराबाई म्हणाली. "ती खेळून राहिली. खेळू द्या तिला."

"तुला न्हाई कळत."

"मला एवढंच कळतं, की ती दिसून राहिली. दिसू द्या. हात नका लावू."

बाईनं लाखमोलाचं सांगितलं होतं. पण आपला हरिचंद. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्यानं शितलला विचारलं, आपण पण तिथं फोटो टाकू शकतो का. टाकू शकतो. आणि शहराचं नाव आपल्याला पाहिजे ते ठेवता येतं का. येतं. मग झालं तर. शितलनं तीन संध्याकाळी बसून तांडा उभा केला, जमेल तसा. झाड, ओटा, ओढा. पूल मात्र ठेवला नाही, कारण खरा कुठं होता. आणि शहराला नाव दिलं, पुजा घरी ये.

"पण बा, ताजा फोटो एखादा दिवस जास्त फिरतो, तरी लाखात एक हा. तिच्यापुढं कधी येईल काय भरवसा."

हरिचंद बाबूसिंग नाईकाकडं गेला. तीन वर्षांत त्यानं नाईकापुढं ह्या विषयात मान वर केली नव्हती. नाईक म्हातारा झाला होता, कान गेले होते. त्यानं सगळं दोनदा ऐकून घेतलं. मॉड न् फॉड त्याला काय समजणार, पण पोरगी कुठंतरी आहे, तिला हाक मारायची आहे आणि एकाची हाक पोचत नाही, हे बरोबर समजलं.

"एकाची पोचत न्हाई ना," तो म्हणाला. "मग समद्यांनी मारू. घरटी एक."

पोरगी पळाली म्हणून ज्या माणसांच्या नजरा त्यानं तीन वर्षं चुकवल्या, तीच माणसं तिला परत बोलवायला निघाली होती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप मांडला. नेट शितलच्या मोबाइलचं. प्रत्येक घरातून एक माणूस आला, रांगेत बसला. शितल एकेकाच्या नावानं खातं उघडायची, तोच फोटो, पुजा घरी ये, त्या नावानं टाकायची, आणि मग पुजाच्या खात्यातला प्रत्येक फोटो उघडून देऊन त्या माणसाकडून बदाम दाबून घ्यायची. नवं खातं उघडताना एकदाच, ओळखीच्या नावानं शोधून तसे फोटो बघता येत होते; जुन्या खात्यावर ती सोय नव्हती. मनात तिच्या पाल चुकचुकली होती. एका मशीनवरून, एका नेटवरून, इतकी खाती. ती म्हणालीसुद्धा, "नाईकबा, एवढी एकदम नको, थोडी आज, थोडी उद्या." पण नाईकाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना गेलं त्यांनी म्हटलं, काहून, होळीच्या सणात समदे घरी हायत, उद्या जो तो कामावर जाईल.

आणि खरं सांगू, दिवस फार गोड गेला. मोहनसिंगनं आपलं नाव सांगताना शाळेतल्यासारखं उभं राहून सांगितलं. प्रेमदासचं बोट इतकं राकट की बदाम दोनदा दाबला जाऊन निघून गेला, परत लावावा लागला, लोकांनी हसून हसून त्याला बेजार केलं. सगळ्यात शेवटी रुख्मिणीबाई आली. ती पुजाची सुईण. तिनं बदाम दाबला, मग त्या पडद्यालाच हात जोडले आणि म्हणाली, "ये माय, आता कुणी न्हाई बोलत तुला." हरिचंदनं सगळ्यांना चहा पाजला. मिराबाई तेवढी आली नाही. राठोडांच्या घरातून एक म्हणून शेवटी हरिचंदच मोजला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं गेम लावला. फोटो आला, कुठल्याशा बंदराचा. त्याखालचा बदाम लाल नव्हता, राखेच्या रंगाचा झाला होता. त्यानं दाबून बघितला. काही झालं नाही. त्यानं शितलला हाक मारली.

शितलला मेल आला होता. ती वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. एकाच मशीनवरून खोटी खाती काढून एकाच खात्याला बदाम मिळवून दिले, एकच फोटो भारंभार टाकला, हे नियमात बसत नाही. ती सगळी खाती कायमची बंद. फोटो काढून टाकले.

"खोटी कशी?" हरिचंद म्हणाला. "माणसं खरी हायत. रुख्मिणीबाई काय खोटी हाय?"

"त्यांना कसं कळणार, बा." शितलनं पुढचं वाचलं आणि लॅपटॉप मिटायला लागली. हरिचंदनं तिचा दंड धरला तेव्हा तिनं सांगितलं. ताईचं खातं पहिल्यांदा उघडलं तेही ह्याच लॅपटॉपवर, डिप्लोमाला असताना. सगळे बदाम तिलाच पडलेले. त्यांना वाटलं, हे सगळं तीच करून राहिली. तिचंही खातं बंद केलं. तिचे सगळे फोटो पुसले.

मिराबाई दारात उभी होती. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली, पाणी मारलं आणि त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

शितल गप्प बसणारी पोरगी नाही. त्या मॉडवाल्याला तिनं सगळं लिहून कळवलं. तो काही कंपनी नव्हता, एकटा माणूस, नोकरी सांभाळून फुकटात हे चालवणारा. तिनं लिहिलं, आमची बहीण घर सोडून गेली आहे, तिचे फोटो हाच आमचा एक धागा होता, चूक आमची आहे, तिची नाही, तिचं खातं तेवढं परत करा. इंग्रजी जवळच्या गोरेगावच्या अशफाककडून तपासून घेतलं. अशफाक लॅपटॉप दुरुस्त करतो, पैसे घेऊन लोकांचे इंग्रजी अर्जही लिहून देतो, असली पत्रं त्यानं ढीगभर लिहिली असतील. हे वाचून मात्र त्यानं पैसे घेतले नाहीत.

उत्तर यायला दिवस लागले. हरिचंद फेऱ्या मारत राहिला. सवाऱ्या त्याला म्हणायच्या, हरिचंदभाऊ, आमचा स्टॉप मागंच गेला.

उत्तर आलं ते सभ्य होतं. शितलनं दोघांपुढं वाचून दाखवलं. त्या माणसानं लिहिलं होतं, मला फार वाईट वाटतं. तुमचं सांगणं खरं असेल असं धरून मी तुमच्या बहिणीला विचारलं की खातं परत उघडू का. त्यांनी उघडू नका म्हणून कळवलं. त्यांची इच्छा मला मोडता येणार नाही. त्यांनी तुमच्यासाठी चार ओळी दिल्या आहेत, मला ती भाषा येत नाही, जशा आल्या तशा खाली देत आहे.

"वाच," हरिचंद म्हणाला.

शितलनं वाचलं. "शितल, कनेरगाव नाक्यावर तुमी बस थांबवली तवा मी मागच्या सीटखाली होते. दोन म्हाताऱ्यांनी गाठोडी पुढं लावली होती. बाच्या चपला माझ्या तोंडापासून हातभर होत्या. तो काय बोलला ते मी ऐकलं. परवा गेम लावला तर एकामागं एक, घरटी एक, समद्यांची नावं. ते इथं पण आले. याडीला सांग, मी बरी हाये. मला शोधू नका."

हरिचंद आपल्या पायांकडं बघत होता. चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या, तरी बघत होता.

"मी बोलायचं म्हणून बोललो होतो," तो शेवटी म्हणाला. "मनात न्हवतं माझ्या."

"मला सांगून काय उपयोग," मिराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला म्हाईत हाय मनात न्हवतं. तिला म्हाईत न्हाई."

"लिव्ह शितल. लिव्ह त्याला, बा असा म्हणून राहिला की..."

"बा, तिनं म्हटलं शोधू नका."

"शोधत न्हाई. एवढंच कळव."

शितलनं लिहिलं. त्या माणसानं उत्तर दिलं की ह्यापुढं तो दोन्हीकडचे निरोप पोचवणार नाही, त्यानं तसं त्यांच्या बहिणीला वचन दिलं आहे. मग त्याचंही उत्तर यायचं बंद झालं. बाबूसिंग नाईकाला ह्यातलं काही कुणी सांगितलं नाही. तो अजून हरिचंदला ओट्यावरून विचारतो, काय रे, आली का पोरगी, आणि हरिचंद मान हलवतो, यील, म्हणतो.

एकदा शितल सहज बोलून गेली. "ती खेळायची सोडणार न्हाई, बा. दुसऱ्या नावानं खेळत असंल कुठंतरी. दुसरं गाव वसवलं असंल." बोलली आणि तिची तिलाच चूक कळली, पण तोवर उशीर झाला होता.

आता हरिचंद पूर्वीसारखाच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसतो. फोटो बघायला बंदी नाही, नुसता बदाम दाबायला बंदी आहे. बर्फातलं शहर येतं, समुद्रातलं येतं. आधी तो अशा शहरांना नावं ठेवायचा, आता एकाही शहराला नावं ठेवत नाही, कारण त्यातलं कुठलंही तिचं असू शकतं. प्रत्येकात ओढा शोधतो, ओढा असला तर वळण शोधतो, वळणावर पूल शोधतो. मग बोट धोतराला पुसतो आणि तो राखेच्या रंगाचा बदाम दाबतो. दाबला जात नाही. तो परत दाबतो. तेवढ्यात गेम उघडतो, आणि मिराबाई आतून म्हणते, भाकरी गार होऊन राहिली.